धुतल्या तांदळासारखं प्रथिन

चिमटीचं प्रथिन डीएनएला चिकटायचं बंद झालं, तेव्हा तिच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

चिमटी हे अर्थातच टोपणनाव. अंगानं काडी आणि हातात सदैव चिमटा, म्हणून प्रयोगशाळेनं ठेवलेलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, आणि ओळखपत्र कुठे होतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिचा मामला असा. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, ते उपाशी पडलं की त्याच्या पेशीतली काही जनुकं खडबडून जागी होतात. त्यांना जागं करायला एक प्रथिन येतं. डीएनएच्या लांबच लांब पिळदार दोऱ्यावरून ते घसरत जातं, अंधारात जिन्याचा कठडा चाचपावा तशी त्यावरची अक्षरं चाचपतं, आणि आपली जागा सापडली की तिथे मांड ठोकून बसतं. मग कामाला सुरुवात. हे प्रथिन चिमटीच्या मार्गदर्शकांनी आपल्या उमेदीच्या काळात शोधून काढलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव काही अक्षरं आणि एक आकडा असं रुक्ष होतं, पण ते लाडानं त्याला ‘सरदार’ म्हणत. त्याच्या रुबाबावर त्यांचा स्वतःचा रुबाब उभा होता.

सरदार बसला की नाही हे बघायची युक्ती सोपी आहे. डीएनएचा एक तुकडा जेलमध्ये, म्हणजे थिजलेल्या पारदर्शक लगद्यात सोडायचा आणि वीज लावायची. मोकळा तुकडा झरझर खाली पळतो. पाठीवर कुणी बसलेलं असलं तर धापा टाकत मागे राहतो. फोटोत रेघ खाली दिसली तर तुकडा एकटा, वर दिसली तर स्वार हजर. एवढ्या एका रेघेवर माणसं प्राध्यापक होऊन निवृत्तसुद्धा झालेली आहेत.

चिमटीला प्राध्यापक व्हायचं नव्हतं. तिला सुटायचं होतं. दुसऱ्या शहरात औषधांच्या एका कंपनीत तिची नोकरी ठरली होती, पण पदवी हातात असली तरच. पदवी समितीच्या सह्यांवर अडलेली, आणि सह्या त्या वरच्या रेघेवर. तेव्हा सरदारानं मांड ठोकणं हा तिच्यापुरता यीस्टच्या भुकेचा नव्हे, स्वतःच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

आता समितीबद्दल. समितीत तीन माणसं. एक बेडकांच्या तज्ज्ञ बाई, ज्यांना सगळे बेडूकबाई म्हणत आणि ज्यांना बेडूक सोडून कशातच रस नव्हता. दुसरे चिमटीचे मार्गदर्शक, ज्यांना आपण थोरले म्हणू. आणि तिसरे धाकटे, ज्यांची प्रयोगशाळा पॅसेजमध्ये थोरल्यांच्या बरोब्बर समोर होती. थोरले आणि धाकटे हे एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणी एकाच संस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांना दिल्या तेव्हा सासऱ्यांना वाटलं असेल की घरात विज्ञान नांदेल. विज्ञान नांदलं. साडू नांदले नाहीत.

कारण असं घडलं. धाकट्यांचंही एक प्रथिन होतं. त्या बिचाऱ्याला डीएनएवर पकड नव्हती. ते इतर प्रथिनांना धरून असायचं. एका परिषदेत, भरल्या सभागृहात, थोरल्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, “या प्रथिनाला स्वतःची बैठक नाही. दुसऱ्यानं जागा केली की तिथे जाऊन टेकतं. आम्ही याला घरजावई म्हणतो.”

सभागृह हसलं. धाकटे हसले नाहीत, कारण ते सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होते. त्यांची बायको हसली नाही. सासरे हसले म्हणतात, पण ते नंतर, घरी, एकटे असताना.

त्या दिवसापासून बोलणं बंद. नाव मात्र प्रथिनाला कायमचं चिकटलं. मजल्यावर त्याला दुसऱ्या नावानं कुणी ओळखेना. धाकट्यांनी मग एकच ध्यास घेतला, घरजावयाला डीएनएवर स्वतःच्या पायावर उभं करून दाखवायचं. त्यांचे बरेच विद्यार्थी त्या मोहिमेत कामी आले. पॅसेजच्या दोन बाजूंचा व्यवहार बहिणींमार्फत चाले. थोरल्यांना धाकट्यांच्या फ्रीझरमध्ये जागा हवी असली की ते बायकोला सांगत, बायको बहिणीला फोन करी, बहीण नवऱ्याच्या कानावर घाली, आणि संध्याकाळपर्यंत जागा नाही असं उत्तर त्याच वाटेनं परत येई.

तरीही सगळं सुरळीत होतं. सरदार बसत होता, रेघ वर दिसत होती, चिमटी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेणार होती. मग यंत्र आलं.

यीस्टमधून सरदार मिळवायचा म्हणजे पेशी फोडायच्या आणि आतल्या प्रथिनांच्या जत्रेतून नेमका आपला गडी हुडकून काढायचा. इतकी वर्षं हे काम एका जुन्या काचेच्या नळीतून व्हायचं. नळीत भरलेले मणी मूळचे कुठल्या रंगाचे, यावर प्रयोगशाळेत मतभेद होते. नव्या यंत्राला पडदा होता, बटणं होती, आणि चालू झालं की ते मंजुळ वाजायचं. थोरल्यांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि फर्मान सोडलं, “यापुढे शुद्धता. सरदाराच्या शेजारी दुसरी रेघ दिसता कामा नये. दिसली तर ती घाण.”

चिमटीनं सरदाराला यंत्रातून काढलं. धुतलं. पुन्हा धुतलं. इतका धुतल्या तांदळासारखा सरदार त्या मजल्यानं पाहिला नव्हता. थोरले चष्मा वर करून म्हणाले, “याला म्हणतात प्रथिन.”

मग तिनं ते डीएनएबरोबर ठेवलं, जेल चालवलं, आणि तुकडा सरळ खाली पळून गेला. पाठीवर कुणी नाही.

चिमटीनं आधी पाण्यावर संशय घेतला. शास्त्रात पहिला संशय पाण्यावर घ्यायची पद्धत आहे, कारण पाणी उलट बोलत नाही. मग मिठावर. मग स्वतःवर. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीवर, कारण तिचे जेल छान येत होते.

“तुझ्या हातात दोष आहे,” थोरले म्हणाले.

“सर, हात तेच आहेत.”

“मग लक्ष नसेल. नोकरीकडे डोळे लागलेत तुझे. अजून धू.”

तिनं अजून धुतलं. अजून बिघडलं.

आईचा फोन रोज यायचा. आईला डीएनए कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, पण चिकटणं आणि न चिकटणं या विषयात ती स्वतःला जाणकार समजे.

“चिकटलं का गं?”

“नाही.”

“मग दुसरं घे.”

“दुसरं काय घे? भाजी आहे का ती?”

“चिडू नकोस. माझं नि तुझ्या बाबांचं तरी सुरुवातीला कुठे जमत होतं? ते त्या खोलीत, मी या खोलीत.”

“मग?”

“मग तुझी आत्या राहायला आली. तिनं मला माझ्याच स्वयंपाकघरात डबे कसे लावायचे ते शिकवलं आणि त्यांना त्यांचेच शर्ट कसे घडी करायचे ते. एका आठवड्यात आम्ही दोघं एक. ती गेली ती गेली, पण आम्ही काही पुन्हा सुटलो नाही. ते जाऊ दे. तू जेवलीस का?”

चिमटी जेवली नव्हती. ती फ्रीझरच्या तळाचा बर्फ खरवडत होती, कारण दार लागेनासं झालं होतं. बर्फातून एक कुपी निघाली. जुन्या नळीच्या काळातला सरदार, तिच्याच अक्षरात चिठ्ठी लावलेला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तिनं तो लावून पाहिला. रेघ वर. ठसठशीत. तोच डीएनए, तेच पाणी, तेच मीठ, तेच दोषी हात.

मग तिनं जुना सरदार आणि नवा सरदार, प्रत्येक प्रथिनाची वेगळी रेघ दाखवणाऱ्या दुसऱ्या जेलवर शेजारी शेजारी ठेवून नीट निरखले. नव्यात एकच रेघ. जुन्यात सरदाराच्या खाली आणखी एक, पुसट, अंग चोरून बसलेली. थोरल्यांच्या भाषेत घाण.

ही घाण नव्या यंत्रानं धुऊन काढली होती. आणि धुण्याचं पाणी चिमटीनं अजून टाकलं नव्हतं. त्यात दूरदृष्टी वगैरे नव्हती. बेसिन तुंबलं होतं. तिनं त्या पाण्याचा एक थेंब स्वच्छ सरदारात टाकला. रेघ वर.

शास्त्रात उत्तर सापडलं की आनंद होतो असं पुस्तकात लिहितात. चिमटीनं आधी दार लावून घेतलं. सरदार एकटा बसतच नव्हता. कुणीतरी त्याला हात देत होतं. तिनं ती पुसट रेघ कापून तळमजल्यावर पाठवली, जिथे प्रथिनाचे तुकडे तोलून ते कोण हे सांगणारं यंत्र होतं. उत्तर आलं. तिनं ते वाचलं, मिटलं, चहा पिऊन आली आणि पुन्हा वाचलं. चहानं फरक पडला नव्हता.

“ती पुसट रेघ कुणाची ते कळलं, सर,” ती थोरल्यांना म्हणाली.

“कुणाची?”

चिमटीच्या तोंडून नाव निघेना. तिनं बोटानं पॅसेजपलीकडचं दार दाखवलं.

थोरले त्या दाराकडे पाहत राहिले. “शक्य नाही. पाहुणा असेल, उगाच डोकावलेला.”

“सर, तो गेला की सरदार पडतो.”

“मग सरदाराची तब्येत बरी नसेल.”

“तुम्हीच म्हणालात, याला म्हणतात प्रथिन.”

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मा स्वच्छच होता. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तू समितीला जुनं जेल दाखव. काय रेघ आहे त्यात, वा.”

“पण त्यात दोघं होते.”

“फोटोत दिसतात का?”

“नाही.”

“झालं तर मग.”

चिमटी काही सत्याची पुतळी नव्हती. तिनं या तोडग्यावर मनापासून विचार केला. पण धाकटे समितीत होते, आणि धाकटे प्रत्येक विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारत: प्रथिन शुद्ध किती? त्यावर खोटं बोललं तर ते समोरच्या दारातून येऊन करून बघणार. खरं बोललं तर थोरले सही करणार नाहीत. खोट्यात नोकरी जाणार, खऱ्यात सही जाणार. त्यातल्या त्यात खऱ्याला पाठांतर लागत नाही. शिवाय ती चार ओळींत सांगता येईल अशी सुंदर गोष्ट होती, आणि ती बर्फात पुरून ठेवायची म्हणजे जिवावर येत होतं.

ती पॅसेज ओलांडून गेली.

धाकटे मऊ बोलणारे गृहस्थ. “ये. काय हवंय?”

“तुमचं प्रथिन, सर. थोडंसं.”

“कुठलं?”

इथे चिमटीची पाटी कोरी झाली. त्या प्रथिनाचं कागदोपत्री नाव तिनं सकाळीच वाचलं होतं, पण आयत्या वेळी एकही अक्षर आठवेना, आणि जे आठवत होतं ते म्हणायची सोय नव्हती.

“ते... सासरी राहणारं,” ती म्हणाली.

धाकट्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारी सगळी माणसं एकाएकी आपापल्या कुप्यांमध्ये खोल पाहू लागली.

“कशाला हवंय?” धाकट्यांनी अत्यंत मऊ आवाजात विचारलं.

“सरदार त्याच्याशिवाय बसत नाही, सर.”

“पुन्हा सांग.”

“सरदार तुमच्या प्रथिनाशिवाय डीएनएवर बसू शकत नाही.”

“जरा सावकाश सांग.”

तिनं सावकाश सांगितलं. धाकटे स्वतः उठले, स्वतः फ्रीझर उघडला आणि तिनं मागितलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठी कुपी तिच्या हातात ठेवली. “समितीत हे मोठ्यानं सांगायचं. मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे.”

“समितीत तीनच माणसं असतात, सर.”

“तरी.”

चिमटीनं प्रयोग मांडला. डीएनए एकटा. डीएनए आणि सरदार. डीएनए आणि दोघं. जेलमध्ये एक जागा उरत होती, म्हणून तिनं तिथे एकट्या घरजावयालाही बसवून पाहिलं. तो बसला नाही. सरदाराला एकट्यालाच ताटकळत ठेवलं तर त्याच्या गुठळ्या होत. घरजावई एकटा असला की नुसताच तरंगे. दोघांना आधी एका कुपीत एकत्र घालून मग डीएनए दिला, की एकमेकांना धरून असे बसत की हलता हलत नसत. दोघांच्या दोन अर्ध्या पकडी मिळून एक पुरती पकड होत होती. वाचकांनी यातून बोध वगैरे काढू नये. प्रथिनांना तो नको असतो आणि साडूंना तर मुळीच चालत नाही.

समितीच्या दिवशी थोरले निर्धास्त होते, कारण जुनं जेल येणार असं त्यांनी धरलं होतं. धाकट्यांनी नवा शर्ट घातला होता. बेडूकबाई खिडकीपाशी बसून बागेतल्या हौदाकडे पाहत होत्या.

चिमटीनं पडद्यावर फोटो लावला. “पहिल्या रकान्यात डीएनए एकटा. रेघ खाली. दुसऱ्यात त्याच्यासोबत शुद्ध सरदार.” ती थांबली. “रेघ खालीच.”

थोरल्यांची मान कॉलरच्या वर लाल होत गेली. धाकट्यांनी खुर्चीत जरा सैल होऊन पाय पसरले.

“तिसऱ्यात शुद्ध घर... शुद्ध दुसरं प्रथिन, एकटं. रेघ खालीच.”

धाकट्यांनी पाय आवरले. थोरल्यांच्या चेहऱ्यावर पहाट झाली.

“चौथ्यात दोघं. रेघ वर.”

बागेत हौदाचं पाणी टपकत होतं ते ऐकू आलं.

“मीठ जास्त पडलंय,” थोरले छताकडे पाहत म्हणाले.

“मलाही तेच वाटतं,” धाकटे खिडकीकडे पाहत म्हणाले.

“हात कच्चा आहे.”

“जेल घाईत ओतलंय. बुडबुडा दिसतोय.”

“कुठे?”

“तो काय, कोपऱ्यात.”

“हो की.”

बेडूकबाईंनी मान वळवून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. किती वर्षांत या दोन माणसांमध्ये बायकांच्या मध्यस्थीवाचून शब्द गेला नव्हता, आणि आता ते एकाच बुडबुड्यावर वाकले होते. चिमटीच्या डोळ्यांपुढून नोकरी निघून चालली होती. पण दोन डोकी तशी जवळ आलेली पाहून तिला एकदम आत्या आठवली, आणि आपण या खोलीत नेमके कोण आहोत ते तिच्या लक्षात आलं. आत्या जितकी जास्त बोलायची, तितके ते दोघं घट्ट व्हायचे.

“तुमचं बरोबर असेल, सर,” ती दोघांच्या मध्ये कुठेतरी पाहत म्हणाली. “पण मला नाही वाटत मीठ चुकलंय. मला वाटतं प्रथिनंच तशी आहेत. दोन्ही जरा अर्धवट.”

“अर्धवट?” दोघं एका सुरात म्हणाले.

“तुम्ही दोघांनी मिळून करून दाखवा. माझं चुकलेलं निघालं तर मी पहिल्यापासून सुरू करते. नोकरीवाल्यांना नाही म्हणून कळवते.”

“हे बरं,” बेडूकबाई म्हणाल्या. “हे बघूनच जाईन मी.”

साहेब मंडळींनी थेंब मोजून सोडायचा पिपेट हातात धरून जमाना लोटला होता. थोरल्यांनी हातमोजा उलटा घातला. धाकट्यांना त्याचं बटण दाबायचं कुठे ते शोधायला वेळ लागला, आणि आपण ते शोधत नसून तपासत आहोत असा त्यांनी चेहरा केला. आपलं प्रथिन दुसऱ्यानं घालायचं नाही, यावर एकमत झालं.

“आधी तुम्ही घाला,” थोरले म्हणाले.

“नाही, आधी तुम्ही.”

“माझं थांबलं की गुठळ्या होतात.”

“माझंही काही कुणाची वाट बघत बसणारं नाही.”

“आधी कुणीच नाही,” चिमटी म्हणाली. “एका कुपीत, एकदम.”

बोटभर कुपीत दोन पिपेट घालायचे म्हणजे दोन डोकी आपटणार. आपटली. जेल चालू झालं. वीज लावली की वाट बघण्यावाचून काही करता येत नाही, आणि दोन माणसांना एका डब्याकडे पाहत फार वेळ गप्प बसता येत नाही.

“ती पाण्याची मोटर अजून आवाज करते का?” बऱ्याच वेळानं थोरल्यांनी डब्याला विचारलं.

“रात्रंदिवस.”

“मी त्यांना तेव्हाच बदला म्हणालो होतो.”

“मीही म्हणालो. ऐकतील तर सासरे कसले.”

“माझा तो छत्रीचा किस्सा सांगतात का अजून?”

“येणाऱ्या प्रत्येकाला.”

“तुमचाही सांगतात. जिन्यावरून पडलात तो.”

“मी पडलो नव्हतो,” धाकटे म्हणाले. “जिना ओला होता.” आणि मग दोघांनी मिळून सासऱ्यांवर जे तोंडसुख घेतलं, ते बेडूकबाई हौद विसरून ऐकत राहिल्या.

फोटो आला. एकटा सरदार, रेघ खाली. एकटा घरजावई, रेघ खाली. दोघं, रेघ वर. बुडबुडे या वेळी दोन होते.

थोरल्यांनी फोटो उजेडात धरला, धाकट्यांनी उलटा करून पाहिला. उलटा करूनही एकट्या कुणाचंच भलं होत नव्हतं. बेडूकबाईंनी मान्यतेच्या कागदावर सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. तो दोन खुर्च्यांच्या मधोमध येऊन थांबला.

“करा तुम्ही,” थोरले म्हणाले.

“मार्गदर्शक तुम्ही. तुमचा मान पहिला.”

“समितीचा मान मोठा.”

याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना कळत होता. जो आधी सही करील, त्याचं प्रथिन दुसऱ्यावाचून अडतं हे त्यानं आधी कबूल केलं असं होणार. आणि थोरल्यांना ताटकळत ठेवलं तर काय होतं, हे चिमटीला सरदारावरून ठाऊक होतं. तिनं पिशवीतून त्याच कागदाची दुसरी प्रत काढली, बेडूकबाईंची सही घेतली, आणि एक प्रत एका हातानं थोरल्यांपुढे, दुसरी दुसऱ्या हातानं धाकट्यांपुढे एकदमच ठेवली. दोघांनी एकमेकांच्या पेनाकडे पाहिलं. पेनं टेकली. मग तिनं प्रतींची अदलाबदल केली, पेनं पुन्हा टेकली, आणि शाई वाळायच्या आत तिनं दोन्ही उचलल्या.

“चिकटलं का गं?” आईनं फोनवर विचारलं.

“चिकटलं. आत्याच्या पद्धतीनं.”

“तिला सांगू नकोस. उद्या येऊन राहील.”

त्या शोधाचा लेख अजून छापून आलेला नाही. त्यावर पहिलं नाव कुणाचं, या मुद्द्यावरून साडूंचं बोलणं पुन्हा बंद पडलं असून मसुदा बहिणींमार्फत पॅसेज ओलांडत असतो. दर वेळी त्यात एखादा स्वल्पविराम वाढतो. चिमटीला त्याचं काही नाही. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिथेही तसंच मंजुळ वाजणारं यंत्र आहे, आणि तिथले साहेबही शुद्धतेबद्दल सुंदर बोलतात. ती मान डोलावते आणि धुण्याचं पाणी मात्र टाकत नाही. तिथलं बेसिन उत्तम वाहतं.